शुभेच्छुकांचे फोटो

यशराजनं गेम चोरला, आणि तोही राजरोस.

गेम होता सणसर गावच्या स्वरूपा नावाच्या पोरीचा. बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासात बसून तिनं तो बनवला होता. मेंढरांचा कळप उसाच्या ट्रॅक्टरांमधून सुखरूप पलीकडं न्यायचा. आधी प्रत्येक मेंढराचं चित्र वेगळं होतं. मेमरी संपायची नि मशीन मान टाकायचं. मग तिला बापाचा कळप आठवला. मेंढरं सगळी सारखी, ओळखीला पाठीवर रंगाचा ठिपका. तिनं मेंढरू एकच ठेवलं, ठिपके तेवढे बदलले. कळप सुसाट पळाला.

शेजारी बसणाऱ्या यशराजनं फ्लॉपी कॉपी केली, तिचं नाव पुसलं, आणि इंदापुरात दादासोरावांच्या नव्या क्लासवर मास्तरकी मागायला गेला. तीच नोकरी स्वरूपाला हवी होती. मिळाली नाही तर लग्नाला उभी राहते, असा शब्द ती घरी देऊन बसली होती.

उद्घाटनाला ती न बोलावता गेली. यशराजनं मशीन चालू केलं. आधी झळकले त्यानं गेमच्या सुरुवातीला घातलेले शुभेच्छुकांचे फोटो. फेट्यातले दादासोराव, हात जोडलेले गावपुढारी झुंबरआबा, यशराजचा गॉगलवाला मामा, आणि मधोमध यशराज स्वतः. गावातला एकही बोर्ड फोटोंशिवाय लागत नाही, मग गेम कसा सुटेल! तेवढ्यात मशीन अडलं. पडद्यावर आलं, मेमरी पुरत नाही.

"काल बारामतीत चाललं की," यशराज पुटपुटला.

"हितलं मशीन जुनं हाय. मेमरी निम्मी," स्वरूपा मागून म्हणाली.

"तू कोण गं?" दादासोराव वळले.

"गेम जिचा हाय ती."

लोक हसले. "मग चालवून दाव!" दादासोराव म्हणाले.

ती मशीनपुढं बसली. खोट लगेच सापडली. फोटो दाखवून झाले तरी मेमरीत तसेच ठाण मांडून होते. त्यांना मेमरीतून सोडणारी एक ओळ प्रोग्रॅममध्ये लिहिली की काम झालं. फोटो राहिले असते, यशराजची अब्रूही राहिली असती.

ती ओळ तिनं लिहिली नाही.

"फोटोंनी जागा खाल्लीय. काढावं लागतील," ती मोठ्यानं म्हणाली. "यशराज, आधी कुणाचा काढू?"

"मामाचा," यशराज म्हणाला.

पहिल्या रांगेतला मामा उठून बाहेर गेला.

"अजून पुरंना. आता?"

"...आबांचा."

"माझा?" झुंबरआबा उसळले. "भाड्या, सकाळी माझ्याच गाडीत बसून आलास न्हवं का?"

"अजून पुरंना. आता मालकांचा काढू का तुझा?"

"माझा," यशराज खाली बघत म्हणाला.

गेम सुरू झाला. कळप धावला.

"एवढी मेंढरं बसली कशी रं कमी जागेत?" दादासोरावांनी यशराजला विचारलं. त्यानं स्वरूपाकडं बघितलं. स्वरूपानं ठिपक्यांचं सांगितलं, तसे झुंबरआबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "ही पोरगी मेंढरं राखणाऱ्याची हाय, दादासो! गेम हिचाच."

"सोमवारपासून ये शिकवायला," दादासोराव म्हणाले. "ह्यो बी राहू दे मदतीला."

"ह्यो असंल तर मी न्हाय."

दादासोरावांनी यशराजला हातानंच वाट दाखवली.

एस्टी स्टँडवर त्यानं तिला गाठलं. "एका ओळीत फोटो सोडता आलं असतं. तुला ठावं होतं."

"व्हय."

"मग?"

"मग काय? गेम तुझा होता न्हवं? लिहायची होतीस."