डाव्या पारड्याखालचा पासंग

“बाई, हे पारडं काढू का?” काटेवाल्यानं विचारलं खरं, पण उत्तराआधीच त्याचे हात साखळीला लागले होते.

चाळीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू दुरुस्त करणाऱ्या या माणसाची ही जुनी खोड. काटा राहिला बाजूला, आधी पारडं उलटं करायचं. जुने दुकानदार हलक्या पारड्याखाली पासंग म्हणून एखादं नाणं मेणानं चिकटवत, आणि याला तर विलायतेच्या राणीच्या पेनींचं वेड. १८६० ते १९०१, सालाला एक, अशी बेचाळीस खोबणींची पेटी त्यानं स्वतः केली होती. एकेचाळीस भरल्या. १८६९ची खोबण तेवढी एकोणीस वर्षं रिकामी होती.

पारड्याखाली मेणानं माखलेलं नाणं निघालं. अंबाडा घातलेली तरुण राणी! त्यानं नाणं उलटलं. एक, आठ, सहा, आणि शेवटचा आकडा मेणात. घासलं की नाणं मेलं, हे तो जगाला सांगत आलेला. त्यानं नखानं हळूच मेण कोरलं. नऊ.

“बसा आधी,” दुकानवाली म्हणाली. “घाम फुटलाय तुम्हाला.”

“बाई, हे मला द्या. काय मागाल ते देतो.”

“मला काही नको. सासऱ्यांनी लावलंय ते. नाण्याच्या जागी नाणं लावा, काटा सरळ ठेवा आणि न्या खुशाल. शिशाचा तुकडा मात्र चालायचा नाही हां.”

“एवढंच ना?”

चौसष्टाव्या वर्षी तो दोन गल्ल्या पळत घरी गेला आणि पेटी काखोटीला मारून पळतच परतला. खिशातली चालू नाणी लावून बघितली, एकाचंही वजन जुळेना, तेव्हा जादा पेनींची पुरचुंडी सोडली. एकेक लावून बघितली, पण एकही धड पासंगाला पुरेना. हातोहात फिरून सगळ्या झिजलेल्या. १८६९ला मात्र मेणाखाली कुणाचा हातच लागला नव्हता. मग पेटीतल्या लावून झाल्या. चाळीसही हलक्या भरल्या.

राहिली १८९७ची. ती बायकोनं शोधलेली, जुन्या शिवणयंत्राच्या खणात, कागदात गुंडाळलेली. “तुमची अंबाडेवाली राहू द्या. ही बघा, माझ्यासारखी म्हातारी, तरी नवीकोरी,” असं म्हणून केवढी हसली होती. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्यानं ती खोबणीतून काढली नव्हती.

दुकानवाली गिऱ्हाइकाशी बोलत होती. पकडीनं काटा जरासा वाकवला असता तर कुणाला कळलं असतं? त्यानं पकड हातात घेतली, आणि आपलीच लाज वाटून परत पिशवीत टाकली. म्हातारी राणी पारड्याखाली ठेवली. काटा हलला, डुलला आणि मधोमध उभा राहिला. त्याला हसू आलं, डोळेही भरून आले.

“जमलं का?”

“जमलं. केसाचाही फरक नाही.”

“तुमच्या पेटीतली ना ही? जिवावर आलं असेल.”

“तिला माणसांची आवड होती,” तो मेण लावत म्हणाला. “इथं करमेल तिला.”

घरी आल्याबरोबर त्यानं १८६९ खोबणीत बसवली. पेटी दोनदा बंद केली, तिसऱ्यांदा उघडून पाहिली. मग कामाची वही काढली. इतर दुकानांपुढे लिहिलेलं होतं, ‘तपासणी वर्षातून एकदा.’ या दुकानापुढे त्यानं लिहिलं, ‘दर महिन्याला.’