प्रशिक्षणात मी माझी नणंद झाले

आमच्या शाळेत भांडणं होतात ती फक्त मुलांची. मोठ्यांचे 'मतभेद' असतात. फरक एवढाच, की मुलांचं भांडण मधल्या सुट्टीत सुरू होऊन त्याच सुट्टीत संपतं, आणि मोठ्यांचा मतभेद निवृत्तीच्या निरोपसमारंभातल्या भाषणातसुद्धा सापडतो.

असाच एक मतभेद पी.टी.च्या सरांचा आणि गाण्याच्या बाईंचा झाला. हॉल एकच. बाईंनी सूर लावला की सरांनी शिट्टी मारायची, हा प्रकार बरेच दिवस चालला होता. शेवटी बाईंनी शिट्टी उचलली, कपाटात टाकली आणि कुलूप लावून किल्ली घरी नेली. हे मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या, कानावर गेलं. दोघांना केबिनमध्ये बोलावून चार शब्द सुनावले असते तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण इतका सोपा मार्ग कुणी घेतला तर त्याला प्रशासन म्हणत नाहीत. मोठ्या बाईंनी अख्ख्या शाळेसाठी 'संघर्ष निराकरण कौशल्ये' असं दिवसभराचं प्रशिक्षण ठेवलं, तेही सुट्टीच्या दिवशी. त्या सकाळी सगळा शिक्षकवर्ग प्रथमच एकमताचा दिसला, कारण प्रत्येक जण मोठ्या बाईंवर चिडलेला होता. निराकरण खरं तर तिथंच झालं होतं, पण प्रशिक्षक आधीच घरून निघाले होते.

मी मात्र वेगळ्याच कारणाने वैतागले होते. माझी मुलगी परवा पहाटे शिकायला लांब जाणार होती. घरभर उघड्या बॅगा पडल्या होत्या. मी शाळेला निघताना तिनं विचारलं, "आई, उद्या जेवायला आत्या येणारे ना?"

"वेळ असेल तर येईल."

"तू विचारलंस का?"

"तुझा चहा गार होतोय," मी म्हणाले आणि चपला घातल्या.

तिची आत्या म्हणजे माझी मोठी नणंद. ती आमच्याच शाळेत विज्ञान शिकवते, मी गणित. मुलगी लहान असताना माझी सकाळची पाळी होती आणि ताईंची दुपारची. त्यामुळे पोरीला बुटाची नाडी बांधायला, घड्याळ वाचायला, खोटं न बोलता गप्प बसायला ताईंनीच शिकवलं. पुढे ती दहावीला त्यांच्याच वर्गात आली आणि प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत ताईंनी तिचे दोन गुण कापले. घरातली म्हणून झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणायला नको ना! मी स्टाफरूममध्ये जाऊन कारण विचारलं, तेव्हा ताई सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "आईनं घरी लक्ष दिलं असतं तर ही वेळ आली नसती."

ज्या पोरीचे गुण गेले ती दुसऱ्या दिवशी विसरून आत्याकडे गप्पा मारायला गेली. आम्ही दोघी शिकलेल्या, त्यामुळे आम्ही विसरलो नाही. तीन वर्षं एकाच कपाटातून खडू घेतो, पण बोलायचं असलं तर "गणिताच्या बाईंना सांगा" आणि "विज्ञानाच्या बाईंना विचारा". मधला निरोप्या शाळेत कुणी ना कुणी मिळतोच.

प्रशिक्षण पहिलीच्या वर्गात होतं, कारण चालू पंखे तिथंच आहेत. त्या वीतभर खुर्च्यांवर आम्ही गुडघे हनुवटीला टेकवून बसलो. प्रशिक्षक तरणेबांड, पायात पांढरेशुभ्र बूट, आणि चेहऱ्यावर न उतरणारं हसू.

"संघर्ष हा आपला शत्रू नाही," ते म्हणाले, "तो आपल्या दारात आलेला पाहुणा आहे."

"आमच्याकडे तो केव्हापासून राहायलाच आलाय," भाषेच्या बाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

मग प्रशिक्षकांनी ऐकण्याचं तंत्र शिकवलं. समोरच्याचं ऐकायचं, मान हलवायची आणि त्याचंच बोलणं आपल्या शब्दांत परत सांगायचं. पी.टी.च्या सरांनी लगेच गाण्याच्या बाईंवर प्रयोग केला. "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की मी बेसूर आहे?" बाईंनी मान हलवली. प्रशिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. शिट्टी सरांना समारंभपूर्वक परत मिळाली आणि वर 'वेळ सांभाळणारे' हे पदही मिळालं. त्या क्षणापासून ते शिट्टी ओठांतून काढेनात.

दुपारी, डोळे जड झाल्यावर, प्रशिक्षक म्हणाले, "आता ज्यांच्याशी तुम्ही सगळ्यात कमी बोलता, त्यांच्यासमोर जाऊन बसा."

कुणी हललं नाही. सगळ्यांनी माना वळवून आमच्या दोघींकडे पाहिलं. मी जमिनीत गडप व्हायच्या तयारीत होते, पण भाषेच्या बाईंनी माझी खुर्ची माझ्यासकट पुढे ढकलली. शाळेत सहकार्य असं मिळतं.

"छान!" प्रशिक्षक म्हणाले. "आता भूमिका बदला. तुम्ही त्या व्हायचं, त्यांनी तुम्ही. एखादा काल्पनिक वाद घ्या."

'काल्पनिक' म्हटल्यावर मागून कुणीतरी खोकलं.

ताईंनी चष्मा काढून केसांत खोचला, पदराने मान पुसली आणि माझ्यासारखे ओठ घट्ट मिटले. वर्गात खसखस पिकली. मी अशी दिसते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"ताई," माझी नणंद मला म्हणाली.

"बोल गं," मी म्हणाले.

लग्न झाल्यापासून मी त्यांना कधी 'गं' म्हटलं नव्हतं. काय सांगू, अंगावर मूठभर मांस चढलं. मी खुर्चीत जरा ऐसपैस झाले, म्हणजे त्या खुर्चीत जितकं होता येतं तितकं.

"त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर बोललात," ताई म्हणाल्या, "ते मला फार लागलं. मी घरी जाऊन रडले. नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, कांदा चिरतेय."

हे फक्त माझ्या नवऱ्याला माहीत होतं. ताईंचा भाऊ झाला म्हणून काय झालं, पोटात काही राहत नाही त्याच्या.

आता मला ताई होऊन उत्तर द्यायचं होतं. तोंड उघडलं आणि त्यांचाच आवाज निघाला. "आणि मला काय सुखाची झोप लागली? जिला बोट धरून चालवलं, तिचेच गुण कापले मी. पण तू आलीस ती घरची म्हणून आलीस का? पालक म्हणून आलीस, जाब विचारायला. मला भीती वाटली, म्हणून मी टोचून बोलले."

हे मला माहीत होतं, हेच मला माहीत नव्हतं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" ताई म्हणाल्या.

"तू थांबलीस कुठं ऐकायला?"

ताई आपल्या नखांकडे बघत होत्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "ताई, परवा पोरगी जातेय. उद्या संध्याकाळी घरी जेवायला याल ना?"

याचं उत्तर मला द्यायचं होतं आणि ते मला ठाऊक नव्हतं. मी श्वास घेतला. तेवढ्यात पी.टी.च्या सरांनी, डोळे पुसत, कान फाटेल अशी शिट्टी मारली.

"वेळ संपली!"

"अप्रतिम!" प्रशिक्षक म्हणाले. "कसं वाटलं हे बाकीच्यांनी सांगा."

आता शिक्षकांना 'कसं वाटलं' असं विचारायचं नसतं. आम्हाला काही वाटत नाही, आम्ही तपासतो. भाषेच्या बाई उभ्या राहिल्या. "मांडणी चांगली, भाषा ओघवती. शेवट अपुरा. दहापैकी सात." गाण्याच्या बाई म्हणाल्या, पट्टी मध्येच वर गेली, साडेसहा. सर म्हणाले, वेळेत आटोपलं असतं तर आठ दिले असते. मग साडेसहा कमी की बरोबर यावरून भाषा आणि गाणं यांची जुंपली, शिट्टी पुन्हा वाजली, आणि ती कपाटात कुणी ठेवली होती इथवर गोष्ट गेली. प्रशिक्षक 'पाहुणा, पाहुणा' म्हणत हात हलवत राहिले. मोठ्या बाईंनी तोडगा काढला, "सरासरी काढा." गणिताच्या म्हणून फळ्यापाशी मलाच उभं केलं. माझ्या आणि माझ्या नणंदेच्या समेटाचे गुण मीच बेरीज करून, भागाकार करून दिले.

शेवटी फोटो निघाला. सगळे हसले. पी.टी.चे सर आणि गाण्याच्या बाई दोन टोकांना उभे होते.

मी बाहेर आले तेव्हा ताई प्रयोगशाळेत गॅसच्या तोट्या बघत होत्या. घरी जाण्याआधी त्या सगळ्या तोट्या तपासतात. मी दारात उभी राहिले. निरोप न्यायला जवळपास कुणीच नव्हतं.

"नाटक बरं केलंस," त्या म्हणाल्या.

"तुम्हीही."

"पण बोलावणं मीच दिलं आणि उत्तर तू देणार होतीस. म्हणजे मला अजून कुणी बोलावलेलं नाही."

"पोरीनं फोन केला असेल की."

"ती रोज करते. घर तिचं नाही, तुझं आहे."

मला राग आला. एवढं झाल्यावरही ही बाई मला फळ्यासमोर उभं करत होती. "बरं," मी म्हणाले, "उद्या संध्याकाळी या. पोरीला तुम्ही हव्यात."

"ते मला माहीत आहे," ताई म्हणाल्या, आणि पुढच्या तोटीकडे न जाता माझ्याकडे बघत थांबल्या.

मी वळून निघणार होते. तीन वर्षं तेच तर केलं होतं. पण गेले आठ दिवस त्या उघड्या बॅगांकडे बघून जे आत दाटलं होतं, ते तिथंच, त्या गॅसच्या वासात, बाहेर आलं. "ताई, परवा ती गेली की घर खायला उठेल. तुमचा भाऊ पेपरात डोकं घालून बसेल. मला नाही निभावणार एकटीला. मला हव्यात तुम्ही."

ताईंनी उरलेल्या तोट्या एकेक करून तपासल्या. दाराला कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये टाकायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"उद्या येते," त्या म्हणाल्या. "आणि परवा तिला सोडलं की घरी जाऊ नकोस. परस्पर माझ्याकडे ये. त्यालाही आण, पेपरासकट."