भिंतीखालचा हातभर खड्डा

या, जरा जवळ सरकून बसा. इथे कुणी परकं नाही. आज एका भिंतीची गोष्ट सांगते, आणि त्या भिंतीआड निजलेल्या एका म्हातारीची.

म्हातारीचे पाय गेलेले. तिच्या खोलीला लागून न्हाणीघर काढायचं, एवढंच काम. पण थोरल्या लेकीने, ताईने, नकाशे काढायला घेतले त्याला चौदा महिने झाले होते. आरसा किती उंचीवर, चाकांची खुर्ची कुठे वळणार, सगळं मापासकट. इकडे धाकटा भाऊ रोज सकाळी आईला उचलून अंगणापलीकडच्या न्हाणीत नेई. त्याची पाठ कुरकुरायला लागली होती.

“ताई, आई कागदावर आंघोळ करणार आहे का?”

“भिंत उभी राहिली की खोडरबर चालत नाही, भाऊ.”

शेवटी सोमवारी भाऊने गवंडी आणलाच. ताईने नकाशा खिळ्याला टांगला. आईच्या खोलीच्या जुन्या भिंतीला चिकटून चर खणायला सुरुवात झाली. चर किती लांब, किती खोल, सगळं नकाशात होतं. जुनी भिंत जमिनीखाली किती गेलीय, तेवढं नव्हतं. गवंड्यानेही विचारलं नाही. टॉवेलाची खुंटीसुद्धा दाखवणाऱ्या बाईने पाया बघितलाच असणार, असं तो धरून चालला.

माती वाहायला एक मावशी होती. दुपारी तिने पाटी खाली ठेवली आणि चरातच बसली.

“काय मावशी, दमलात?” गवंड्याने विचारलं.

“दमायला अजून वेळ आहे. इकडे बघ. भिंतीचा दगड गुडघ्याशी संपलाय. खाली नुसती भरावाची माती आहे, आणि ती गळतेय.”

गवंडी वाकला. भिंतीच्या पोटाखालून माती पिठासारखी झरत होती.

तेवढ्यात घरातून ताईचा आवाज आला, “भाऊ, आईचं दार उघडत नाहीये.”

चौकट दबली होती. भाऊ धावत आत गेला आणि खांदा लावणार तोच मागून आलेल्या गवंड्याने त्याचा दंड धरला. “धक्का नको. एकसुद्धा नको.”

आईचा पलंग त्याच भिंतीला टेकलेला. ताईने पदर खोचला आणि मागच्या खिडकीतून, वयाच्या साठाव्या वर्षी, आत उतरली. चरात मावशीने कुणाची वाट न बघता काढलेली माती पुन्हा आत लोटायला सुरुवात केली होती. गवंडी ती पायाने हलके हलके दाबत होता, भाऊ पाट्या देत होता. भिंतीत कुठेतरी बारीक करकरलं. तिघेही थांबले. मग मावशीने पुढची पाटी ओतली.

आत ताई पलंग बोट बोट ओढत होती.

“झाली का माझी न्हाणी?” आईने विचारलं.

“होतेय.”

“मग मला आधीच का हलवतेस?”

ताईला हसू आलं, आणि तिने पलंग आणखी बोटभर ओढला.

चर भरला, भिंतीला वासे टेकवले, मग सुतार बोलावून दार कापलं आणि आईला बाहेर आणलं. भिंतीवर बोटभर भेग राहिली, पण भिंतही राहिली.

संध्याकाळी भाऊ खाली मान घालून म्हणाला, “घाई मी केली.”

“आणि चौदा महिने मी काय केलं? आरशाची उंची,” ताई म्हणाली. “मावशी, तुम्ही आमच्या जागी असता तर आधी काय ठरवलं असतं?”

“मी कसली ठरवतेय. तीन जागी हातभर खणलं असतं, खाली काय आहे ते बघितलं असतं. बाकीचं मग तुम्ही बसून बोला.”

दुसऱ्या दिवशी तसंच केलं. पाया कळल्यावर न्हाणीघर भिंतीपासून चार हात लांब घेतलं आणि मधे सपाट वाट केली. महिन्यात आई तिथे आंघोळीला बसली. आरसा कुठे लावायचा ते तिनेच खुर्चीतून बोट दाखवून सांगितलं.

देव कुणाच्या डोळ्यांनी बघेल सांगता येत नाही बाबांनो. त्या दुपारी तो मावशीच्या डोळ्यांनी बघत होता. तिचं नाव कुठल्याच नकाशावर नाही. आज घरी जाऊन देवापुढे हात जोडाल, तेव्हा तेवढी तिची आठवण काढा.