दोन पाठींचा कागद

मी चित्रकलेचा कागद बोलतोय. पण कुठल्या बाजूनं बोलतोय, ते मला विचारू नका. तेवढंच एक मला आजवर नीट कळलेलं नाही.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. डोळे उघडले ते बीदर जिल्ह्यातल्या कमलनगरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात, भाऊबंदांच्या गठ्ठ्यात. तेव्हा माझी दोन्ही अंगं सारखीच होती, पांढरी आणि जराशी खरबरीत. पोट कुठलं आणि पाठ कुठली, असा प्रश्न कोऱ्या कागदाला पडत नाही. दिवस मजेत जात होते.

मग शिवराज सर आले. जवळच्या खेड्यातल्या मराठी शाळेचे मास्तर. बीदरच्या एका संस्थेनं शाळकरी मुलांसाठी चित्रस्पर्धा ठेवली होती. विषय होता ‘माझ्या घरची सकाळ’. प्रत्येक मुलाला एक कागद, असे मोजून सरांनी आम्हाला नेलं, आणि मी सातवीतल्या प्रेरणाच्या वाट्याला आलो.

प्रेरणा बोलायला कमी. तिचे वडील नरसिंग कमलनगर ते गाव अशी जीप चालवतात, त्यामुळे त्यांच्या घरची सकाळ म्हणजे जीपच. तिनं तेलखडूनं माझ्यावर ती जीप काढली. आई शोभाबाई रेडिएटरात पाणी ओततेय, टपावर कोंबड्यांची टोपली, मागच्या पायरीवर लटकलेली माणसं, आणि स्टिअरिंगवर वडील. खडू असा जोरात फिरत होता की मला गुदगुल्या व्हायच्या. म्हटलं, चला, मी एकदाचा चित्र झालो.

कसलं काय!

“हे काय करायलीस गं?” सर म्हणाले. “जीप कामून काढलीस?”

“आमच्या घरची सकाळ हाय सर.”

“सकाळ म्हणलं की सूर्य पाहिजे. दोन डोंगर, मधून सूर्य, झोपडी, नारळाचं झाड. बक्षीस त्याला मिळतंय. मला बी मिळालं होतं लहानपणी.”

सर वाईट नव्हते हो. पोरीला बक्षीस मिळावं म्हणूनच त्यांचा जीव तुटत होता. जादा कागद उरला नव्हता, म्हणून त्यांनी मला पलटलं. प्रेरणानं मान हलवली आणि गुपचूप दोन डोंगर काढले. तिच्या गावातून एकही डोंगर दिसत नाही. तिचं घर पत्र्याचं, आणि माझ्यावर आली गवताची झोपडी. ही कुणाच्या घरची सकाळ, मला काही उलगडेना. माणसं रोज डोळ्यांनी बघतात ते सोडून कधीच न बघितलेलं काढतात, आणि वर सगळे त्याला छान म्हणतात. मी कागद असल्यामुळे मला हे कळत नसावं.

पुढं तर कहरच झाला. स्पर्धेचा नियम असा, की नाव आणि शाळेचा शिक्का चित्राच्या मागच्या बाजूला हवा. सरांच्या लेखी मागची बाजू म्हणजे जीप. त्यांनी जीपखालच्या रस्त्यावर शिक्का उमटवला आणि प्रेरणाला म्हणाले, “आता मागं नाव घाल.” तिनं मला उलटसुलट बघितलं, आणि डोंगरांवरच्या आभाळात आपलं नाव आणि इयत्ता लिहून टाकली. तिच्या लेखी मागची बाजू ती. सरांनी न बघताच गुंडाळी करून रबर लावलं. झालं! मला दोन पाठी झाल्या आणि तोंड राहिलंच नाही.

बीदरला परीक्षक दोघं होते, शैलश्री अक्का आणि एक वयस्कर गुरुजी. बोलायचे कन्नडमध्ये, आणि माझ्या कानाला ती भाषा नवीन. गुरुजींनी मला उचललं, डोंगर बघितले, मान डोलावली आणि मला अक्कांकडं टाकलं. पडताना मी उलटलो. अक्कांनी जीप बघितली, हसल्या, त्यांनीही मान डोलावली. मी निवडला गेलो. कुठल्या बाजूसाठी, हे दोघांनी एकमेकांना विचारलंच नाही.

निवडलेल्या मुलांनी बीदरला येऊन परीक्षकांसमोर तेच चित्र पुन्हा काढायचं होतं. घरच्या मोठ्यांनी काढून दिलं नाही ना, याची खात्री करायला. जुळलं तर बक्षीस.

त्या दिवशी मी परीक्षकांच्या टेबलावर होतो. समोर प्रेरणा नवा कोरा कागद घेऊन बसली होती. दारात उभे राहून शिवराज सर दोन्ही हातांनी हवेत डोंगर करून दाखवत होते. नरसिंग खिडकीशी. बाकीची मुलं भराभर रंगवायला लागली आणि प्रेरणाचा हात काही हलेना. माझा जीव टांगणीला लागला. सांगावं तर काय सांगावं? माझं मलाच माहीत नव्हतं. तिनं पेन्सिलीनं डोंगराच्या दोन रेघा ओढल्या आणि थांबली. खिडकीकडं बघितलं. मग त्या रेघांवरूनच जीपचा टप आला, चाकं आली, आई आली.

गुरुजी मला घेऊन तिच्यापाशी आले आणि नकारार्थी मान हलवली. अक्कांनी होकारार्थी हलवली. दोघं मला इकडून तिकडून फिरवायला लागले, तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. अक्का तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाल्या, “बाळ, तुझं चित्र कुठलं?”

“दोन्ही मीच काढले. पण जीप माझी हाय.”

अक्का वाकल्या. माझ्यावरच्या जीपमध्ये, स्टिअरिंगवरच्या नरसिंगच्या शेजारी, दोन वेण्यांचा एक ठिपका होता. मला तो आजवर रंगाचा डागच वाटला होता. “पुढं बसलेली ही कोण?”

“मी.”

“रोज बसते?”

“न्हाई. पुढची सीट मोठ्या माणसाची असती. मी मागं उभी ऱ्हाते.”

खिडकीतला नरसिंग खाली बघायला लागला.

माझ्या दोन बाजूंवरून दोघा परीक्षकांचं काही जमलं नाही, आणि बक्षीस दुसऱ्या मुलाला गेलं. अक्कांनी मला प्रेरणाच्या हातात परत दिलं. परतीच्या बसमध्ये सर सारखे म्हणत होते, “डोंगर काढली असतीस तर मिळालं असतं.” असेलही. पहिल्यापासून नुसती जीपच राहिली असती तरी मिळालं असतं, असंही असेल. माझं डोकं चालत नाही.

कमलनगरला उतरून सगळे जीपपाशी आले. तिथली पुढची सीट म्हणजे शिवराज सरांची. सर गाडीत असले की तिथं दुसरं कुणी बसत नाही. सवयीनं त्यांनी दार उघडलं.

“सर,” नरसिंग म्हणाला, “आज पुढची सीट भरलीय.”

सरांनी आत बघितलं. सीट तर रिकामीच होती. मीसुद्धा गोंधळलो. मग सरांनी प्रेरणाकडं बघितलं, नरसिंगकडं बघितलं, आणि मागं जाऊन बायामाणसांच्या दाटीत बसले.

वाचकहो, मी साधा कागद, मोठं काही सांगायची माझी कुवत नाही. पण पोरांची चित्रं पलटण्याआधी त्यांत कोण कुठं बसलंय, तेवढं एकदा विचारत चला.

जीप निघालीय. मी प्रेरणाच्या मांडीवर आहे. ती समोरच्या काचेतून रस्ता बघतेय, आणि माझ्याकडं तिचं लक्षसुद्धा नाही.