केसांतली काच

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यामुळे बस लवकर सुटली आणि बुधाजी अंगावरून किरणं मोजायचं यंत्र न फिरवताच प्रयोगशाळेतून निघाला. बंदरातला गाळ कुठे वाहतो ते कळावं म्हणून प्रयोगशाळेत काचेचे बारीक कण किरणोत्सारी करून त्या गाळात सोडत.

घोडपदेवच्या चाळीत कौसल्या दारातच हसली. "वरातीत नाचून आलात काय? केसांत चमकी कसली?"

बुधाजी झटकन मागे सरला. "काच आहे ती. अणुभट्टीत जाऊन आलेली असली तर पोरीला बाधेल."

"मग डोकं धुवा!"

"मोरीचं पाणी चाळभर फिरेल गं. उद्या यंत्र लावल्याशिवाय मी आत येत नाही."

चिमुकली शैला रांगत उंबऱ्याकडे आली. तिला रमवायला त्यानं लांबूनच रोजची ओवी धरली. आवाजाच्या ओढीनं ती आणखी पुढे सरकली, तेव्हा त्याला ओवीही गिळावी लागली.