अबिलियूचा पडदा

तिसरी ट्रामसुद्धा खच्चून भरून आली, तेव्हा देओलिंदाबाईंचा पारा चढला. लिस्बनच्या ग्रासा भागात, चढावर, सत्तावन्न वर्षं त्यांचं घर. अठ्ठावीस नंबरची ट्राम दारावरून जायची, आणि आता त्यांनाच तिच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्याखिडक्यांतून परदेशी हात, हाताहातात फोन. फोटो कसले, तर वाळत घातलेल्या चादरींचे!

"घ्या, माझे परकर राहिले बघा तिसऱ्या मजल्यावरचे!" त्या गेलेल्या ट्रामवर ओरडल्या.

पिशवीत कागदात गुंडाळलेला नवा विणलेला पडदा होता. उद्या संतांचा सण, सगळं लिस्बन आपापल्या मृतांना भेटायला निघणार, आणि प्राझेरेशच्या दफनभूमीत त्यांच्या नवऱ्याच्या, अबिलियूच्या दाराला भोक पडलेला पडदा. दगडी खोली, काचेचं दार, आत फळीवर त्याची पेटी. कुणीही यावं आणि डोकवावं! टाय लावल्याशिवाय खाली पाव आणायलाही न गेलेला माणूस तो. फाटक पाचला बंद होतं आणि आत्ताच पावणेचार वाजले होते. आज पडदा लागला नाही, तर उद्या तो चारचौघांत उघडा पडणार होता.

चौथी ट्राम दिसली तशा बाई छत्री आडवी धरून सरळ रुळांवर उभ्या राहिल्या. चालक वाल्देमारनं करकचून ब्रेक दाबला.

"अहो दोना देओलिंदा, जीव नकोसा झालाय का?"

"वाट बघणं नकोसं झालंय. दार उघड."

"मुंगीला जागा नाहीये हो. पुढची घ्या."

"पुढची, पुढची करत मीच पेटीतून जायची तिथं! उघड म्हणते ना!"

वाल्देमारनं उघडलं. त्यांच्याशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालं नव्हतं. बाई कोपरानं वाट काढत आत घुसल्या आणि सगळ्या डब्याला सुनावलं, "उतरा! ही मसणात जाते, मसणात! तिथं मेलेली माणसं आहेत!"

ट्रामच्या पाटीवरच्या 'प्राझेरेश' या नावाचा अर्थ मौजमजा. नावाला भुलून चढले असतील, खरं कळलं की उतरतील, असा त्यांचा हिशेब. उतरलं कुणीच नाही. उलट तांबड्या टोपीची एक बाई खुशीत मान डोलवायला लागली आणि तिनं आपला फोनच त्यांच्यासमोर धरला.

फोनवर फोटो होता: काचेचं दार, पडद्याला भोक, भोकामागे पेटीची कड. पडद्यावर सहा पाकळ्यांची फुलं, आणि तिसऱ्या फुलात एक चुकलेला टाका. तो टाका देओलिंदाबाईंचा होता.

"वाल्देमार, काय लिहिलंय रे इथं?"

पुढच्या थांब्यावर त्यानं फोन हातात घेतला. "'लिस्बनमध्ये करायच्या माझ्या आवडत्या गोष्टी.' पहिली, गरम कस्टर्डची पेस्ट्री खाणं. मग नदीवरचा सूर्यास्त... आणि सहावी..." तो चाचरला. "'अठ्ठावीसनं शेवटपर्यंत जा आणि फाटक्या पडद्याच्या थडग्यात डोकवा.' लोकांना फार आवडतं म्हणे."

"आवडतं? आणि माझा नवरा सहावा? पेस्ट्रीच्या खाली?"



साडेचारला त्या दफनभूमीत पोचल्या आणि अबिलियूच्या दाराचं कुलूप उघडून आत शिरल्या. तांबडी टोपी पाठोपाठ आलीच होती. दाराशी पोचल्यावर तिनं फोनमधलं दार बघितलं, समोरचं बघितलं, बाईंच्या हातातली किल्ली बघितली, आणि टोपीइतकीच तांबडी झाली.

बाईंनी जुना पडदा काढला, नवा दांडीत ओवला, आणि जागच्या जागी थिजल्या. पडदा वीतभर आखूड! मेलेल्या माणसाला कोरं लावू नये म्हणून सकाळी गरम पाण्यात धुऊन, स्टार्च करून, इस्त्री मारली होती. सूत आटलं होतं.

"गाढव! साठ वर्षं विणतेस आणि सूत आटतं हे विसरलीस? थेरडे!" स्वतःवरच त्या इतक्या चिडल्या की डोळ्यांत पाणी आलं.

तांबड्या टोपीनं पिशवीतून नवीकोरी वस्तू काढून दोन्ही हातांनी पुढे केली. ताटं पुसायचं फडकं. त्यावर पिवळी ट्राम.

"हे? अबिलियूला ट्राम नेसवू?"

पण दहा मिनिटं उरली होती. टोपीवालीनं दांडी धरली, बाईंनी टाचण्या मारल्या. ट्राम पडद्याखाली बरोबर बसली. फोन पिशवीबाहेर आला नाही.

कुलूप लावून बाई सवयीनं वाकल्या आणि काचेला डोळा लावला. अकरा वर्षं दर गुरुवारी असंच वाकून त्या पेटीला "येते हं" म्हणत आल्या होत्या. आज समोर नुसती पिवळी ट्राम. अबिलियू दिसेना.

भोक मुळात एका टाक्याचं होतं. त्यात बोट घालून ते मोठं केलं होतं त्यांनीच. इतकी आरडाओरड केली, पण हे कुणाला सांगितलं नव्हतं.

फाटकावरची घंटा वाजली. देओलिंदाबाईंनी पुन्हा कुलूप उघडलं, अगदी खालच्या कोपऱ्यातली एक टाचणी काढून फडक्याचं टोक दुमडलं, आणि बाहेर येऊन दार लावलं. मग चरफडत दोन्ही गुडघे जमिनीला टेकून त्या फटीला डोळा लावला. टोपीवालीनं न सांगता पाठ फिरवली.

"येते हं," बाई म्हणाल्या.