करपलेला अगार

देओलिंदाने प्लेट खिडकीशी धरली, तिरकी करून पुन्हा पाहिली. जंतू वाढवायच्या लाल अगारावर काहीच नव्हतं. काल तिने स्वतःच्या हाताने त्यावर साल्मोनेला हा अन्नातून विषबाधा करणारा जंतू मुद्दाम पसरवला होता. एव्हाना काळे ठिपके दाटायला हवे होते. बाकीचे जंतू दाबायचे आणि नेमका त्यालाच वाढू द्यायचा, एवढंच तर या अगाराचं काम.

सोमवार तिला लख्ख आठवला. हा अगार नुसता उकळायचा असतो; जास्त तापला की करपतो आणि त्यावर काही उगवत नाही. घाईत तिने तो इतर बाटल्यांबरोबर वाफेच्या यंत्रात ढकलला होता. वापरण्याआधीची परीक्षाही राहून गेली. त्याच अगारावर खाद्यपदार्थांचे तेवीस नमुने तपासून 'निर्दोष' म्हणून अहवाल गेले होते.

प्लेट घेऊन ती प्रयोगशाळेचे प्रमुख सेकेइरा डॉक्टर यांच्या खोलीत गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"देओलिंदाबाई, फेकून द्या आणि नवीन करा. विषय संपला."

"आणि गेलेले अहवाल?"

"त्यांत खोटं काय आहे? काही उगवलं नाही, असंच लिहिलंय ना?"

"उगवलं नाही हे खरं. पण मी उगवूच दिलं नाही, डॉक्टर."

"पुढच्या आठवड्यात लिस्बनहून तपासणी आहे. तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत. कशाला नसती आफत?"

तिने त्यांच्याच टेबलावरचा फोन ओढला आणि वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराचा नंबर फिरवला.

"प्रयोगशाळेतून देओलिंदा बोलतेय. तुम्ही तपासायला पाठवलेलं ते मेंढीच्या दुधाचं ताजं चीज मी सांगेपर्यंत कुणाला वाढू नका. नाही हो, चीजमध्ये काही सापडलं नाही. चूक माझी आहे. हो, माझंच नाव सांगा."

डॉक्टर दारापर्यंत गेले, परत आले. ती पुढचा नंबर फिरवत होती.

नव्या अगाराची तिने आधी परीक्षा घेतली. काळे ठिपके गच्च उगवले. मग फ्रिजमध्ये राखलेले तेवीसच्या तेवीस नमुने पुन्हा लावले. एकातही काही निघालं नाही.

"पाहिलंत?" डॉक्टर म्हणाले. "सगळं स्वच्छ. उगाच गावभर बोभाटा केलात."

"आज स्वच्छ आहे. त्या दिवशी नुसतं कोरं होतं."

त्यांनी ठपक्याचं पत्र पुढे सरकवलं. कारण: अनावश्यक घबराट पसरवणे. तिने उभ्याउभ्याच वाचलं, त्यांचं पेन उचललं आणि ती ओळ खोडली. वर सावकाश लिहिलं: अगार करपवला. परीक्षा न घेता वापरला. खाली पूर्ण नावाने सही केली.

"लिस्बनवाल्यांना दाखवायच्या फायलीत हेच लावा," ती म्हणाली, आणि अगार उकळायला निघून गेली.